एकशे अठ्ठावीसच्या पुढची पानं

मी तीस वर्षं वर्ध्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे वाचणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. न वाचणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. ते बिचारे आपलं काम करतात, क्रिकेट बघतात, वेळेवर जेवतात. राग येतो तो ‘मी वाचतो’ असं चारचौघांत सांगणाऱ्यांचा. पुस्तक कुठवर वाचलं गेलंय हे ओळखायला मला कुणाला प्रश्न विचारावा लागत नाही. पुस्तक मिटून आडवं धरायचं आणि पानांची कड बघायची. जिथवर बोटं लागलेली असतात तिथवर कड मळकट असते, त्यापुढं पांढरी. आमच्या कॉलेजातल्या बहुतेक थोर ग्रंथांचा मळकट पट्टा पहिल्या चाळीस पानांशी संपायचा. ज्यांनी ते ग्रंथ नेलेले असत ते त्यांवर तासभर व्याख्यान देत, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असे.

निवृत्त झाल्यावर माझं घरात बसणं बायकोला दीड महिना सोसलं. मग तिनंच कुठून तरी शोध लावला की सिंदी मेघेत दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पुस्तकवाल्यांची बैठक भरते. “तिथं जा,” ती म्हणाली, “तुमच्यासारखेच असतील.” एवढा अपमान तिनं माझा लग्नानंतर पहिल्यांदाच केला असेल, पण मी गेलो.

बैठक एका निवृत्त अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या घरी भरायची. मंडळाला एक लांबलचक संस्कृत नाव होतं. ते मी इथं देत नाही, कारण मंडळातल्या निम्म्या लोकांना ते नीट उच्चारता येत नसे. रीत अशी होती की प्रत्येकानं सध्या हातात असलेलं पुस्तक सोबत आणायचं आणि खूण घातलेल्या अवस्थेत मधल्या टीपॉयवर ठेवायचं. मग पाळी आली की आधी पान क्रमांक सांगायचा. “मी सध्या दोनशे बारावर आहे,” असं म्हणायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या, आणि मग पाच मिनिटं बोलायचं. पान क्रमांकाची ही प्रथा कुणी काढली माहीत नाही, पण ती काढणाऱ्याला माणसं चांगली कळत असणार. पुस्तकाबद्दल बोलताना माणूस अडखळतो. आकडा मात्र छातीठोकपणे सांगता येतो.

यजमान प्राध्यापकांकडे काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली त्यांच्या पायजम्याच्या नाडीला बांधलेली असायची. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मुळात’नं सुरू व्हायचं. पुस्तक कोणतंही असो, मुळात लेखकाला बाजारव्यवस्था कळलेली नाही हे त्यांचं मत ठरलेलं. ते अगदी पुस्तकी मराठी बोलत, इतकी की त्यांच्या घरच्या मांजरीलाही ते ‘अहो’ म्हणत असतील अशी मला शंका होती.

दुसरे एक दातांचे डॉक्टर होते. ते पुस्तक वाचत नसत, ऐकत. आणि पुस्तकही नाही, त्याचा सारांश. तोही मोबाईलवर दुप्पट वेगानं. एका पेशंटची दाढ काढेपर्यंत एक कादंबरी संपते असं ते अभिमानानं सांगत. त्या पेशंटच्या जबड्याचं काय होत असेल याची मला काळजी वाटायची. पान क्रमांक मात्र तेही सांगायचे. कुठून आणायचे कोण जाणे.

तिसऱ्या एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या रोज सकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर उघड्या पुस्तकाचा फोटो टाकत. बाजूला कॉफीचा मग, मगाशेजारी जास्वंदीचं फूल. खाली सगळे हात जोडलेल्या चिन्हांची रांग लावायचे. एकदा मी सलग तीन दिवसांचे फोटो मोठे करून पाहिले. कॉफीचा मग तिन्ही दिवस वेगळा होता, फूल वेगळं होतं, पान तेच होतं.

आणखीही चार-सहा जण येत-जात असत, पण त्यांचं मुख्य काम यजमानांच्या घरची सांभारवडी खाणं हे होतं आणि ते काम ते प्रामाणिकपणे करत. माझा सगळ्यात जास्त आदर त्यांच्यावर होता. उन्हाळ्यात कूलरची घरघर इतकी व्हायची की कुणाचंच बोलणं ऐकू येत नसे. मंडळाच्या सगळ्यात चांगल्या बैठका मे महिन्यात झाल्या.

एवढं असून मी तिथं का जात होतो? कारण तिथं मला मान होता. ग्रंथपाल म्हणजे ज्यानं सगळं वाचलंय असा माणूस, अशी त्या लोकांची भाबडी समजूत होती. कुठल्याही पुस्तकावरून वाद झाला की शेवटी यजमान माझ्याकडे वळायचे. “मुळात सरांना विचारू या.” मग मी क्षणभर छताकडे पाहायचो आणि एखादं वाक्य बोलायचो, आणि वाद मिटायचा. आयुष्यभर लोकांना पुस्तकं काढून देणाऱ्याला म्हातारपणी मिळालेला हा मान मी फार जपून होतो. तिथं एकटा मीच खरा वाचणारा, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

आणि मग त्या बैठकीला सेलूहून एक बाई यायला लागल्या.

त्या शिवणकाम करायच्या. यजमानांच्या पत्नीचे ब्लाउज त्यांच्याकडे शिवायला जात. मापं घेताना पुस्तकांचा विषय निघाला आणि यजमानीणबाईंनी भाबडेपणानं त्यांना बोलावून टाकलं. चाळिशीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या, बोटांना सुई टोचून टोचून टणक झालेल्या. एसटीनं यायच्या, दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या आणि परतीची बस चुकू नये म्हणून दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायच्या. पहिल्या दिवशी यजमानांनी उदारपणे नाडीची किल्ली काढली आणि कपाटातली एक जाडजूड कादंबरी त्यांच्या हातात ठेवली.

सात महिने त्यांच्या हातात तीच कादंबरी होती. दर बैठकीला त्यांची पाळी आली की त्या उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “मी एकोनपन्नासवर आली.” पुढच्या वेळी, “मी अठ्ठावनवर आली.” पंधरा दिवसांत नऊ पानं. त्याबद्दल त्या एक-दोन वाक्यं बोलायच्या, तीही विचित्र. “त्या थोरल्यानं सकाळी भाकर नाई खाल्ली, ते मले आवडलं नाई.” डॉक्टर हसून म्हणायचे, “ताई, हे पुस्तक संपायच्या आत आम्ही संपू.” बँकवाल्या बाई कौतुकानं मान हलवायच्या, लहान मुलानं कविता म्हटल्यावर हलवतात तशी. आणि मी? मी त्यांच्याकडे बघायचोही नाही. माझ्या लेखी त्या वाचत नव्हत्या, अक्षरं लावत होत्या.

शेवटी यजमानांनी ठरवलं की मुळात मंडळाचा दर्जा घसरतो आहे. महिन्याला किमान एक पुस्तक, न झाल्यास मंडळ सोडावं, असा नियम पुढच्या बैठकीत मांडायचा. मला फोनवर विचारलं. मी म्हणालो, योग्य आहे.

त्या बैठकीत नियम मांडायच्या आधी नेहमीप्रमाणे पान क्रमांक सुरू झाले. शिवणकामवाल्या बाईंची पाळी आली. त्या उभ्या राहिल्या, पण आकडा बोलल्या नाहीत. पुस्तक उघडून टीपॉयवर ठेवलं.

“एकशे अठ्ठावीसच्या पुढं परत एकशे तेरा येते,” त्या म्हणाल्या. “तेरापासून अठ्ठावीसलोक परत तेच. आन् मंग एकदम एकशे पंचेचाळीस. मधली सोळा पानं नाईतच.”

मी पुस्तक ओढून पाहिलं. अशी चूक मी नोकरीत पाच-सहा वेळा पाहिली होती. बांधणी करताना सोळा पानांचा एक फर्मा दोनदा लागतो आणि पुढचा राहून जातो. बायंडरची डुलकी, दुसरं काही नाही. पण त्यातली मौज माझ्या लक्षात यायला दोन सेकंदं लागली आणि मग मला आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. कारण हेच पुस्तक, हीच प्रत, मागच्या तीन-चार वर्षांत यजमान, डॉक्टर आणि बँकवाल्या बाई या तिघांच्याही हातात होती. तिघांनीही त्यावर पाच-पाच मिनिटं भाषण केलं होतं. यजमानांनी तर ‘अत्यंत घट्ट वीण’ असे शब्द वापरले होते. ते मला आठवत होते.

“तुमच्याजवळही हेच पुस्तक होतं ना?” त्या बाईंनी अगदी साधेपणानं विचारलं. “मंग त्या पानाईत काय झालं, ते सांगा नं मले. मी तिथंच अडकून राह्यली.”

बाईंनी सांगितली तशी गोष्ट दोन भावांची होती. नदीकाठचं गाव. थोरला नाव चालवतो, धाकटा त्याच्या हाताखाली असतो, आणि दोघांत जमिनीवरून कुरबूर आहे. पूर येतो. धाकटा पलीकडच्या काठावर एका बाभळीला धरून अडकलेला असतो. थोरला नावेचा दोर सोडायला वाकतो, आणि एकशे अठ्ठावीसवं पान संपतं. एकशे पंचेचाळीसवर थोरला अंगणात बसून सुतळी वळत असतो, कुणाशी बोलत नाही, आणि धाकट्याचं नाव घरात कुणी काढत नाही.

बँकवाल्या बाईंनी पर्समध्ये चष्मा शोधायला सुरुवात केली, तो त्यांच्या डोळ्यांवरच होता. डॉक्टर म्हणाले, “ते पूर-प्रकरण ना? हां हां,” आणि सांभारवडी तोंडात घातली. यजमान खाकरले.

“मुळात धाकटा शहरात निघून जातो,” ते म्हणाले. “गिरणीत. औद्योगिकीकरणाचा संदर्भ आहे.”

“पन तो तं बाभळीवर होता,” बाई म्हणाल्या.

“उतरतो की. पाणी ओसरल्यावर उतरतो.”

“तुम्ही वाचलं का ते, सर?”

आणि इथं मी पहिल्यांदा यजमानांची शुद्ध मराठी निखळताना पाहिली. “वाचलं म्हंजे? काऊन, मले समजत नाई का?” ते ओरडले. डॉक्टर लगेच म्हणाले, “हो हो, गिरणीतच जातो.” बँकवाल्या बाईंनीही मान हलवली. ज्यांनी ती पानं डोळ्यांनी पाहिली नव्हती ते तिघे एका गिरणीवर एकमतानं उभे राहिले.

मी तिथंच थांबायला हवं होतं. एवढंच म्हणायला हवं होतं, “तिघांनीही वाचलेलं नाही, आणि मीही नाही.” कारण ती कादंबरी आमच्या कॉलेजात होती, पूर्ण प्रत होती, आणि मी तिची पहिली चाळीस पानं एका दुपारी वाचून शेवटचं पान बघून ठेवून दिली होती. पण त्या तिघांना चितपट करायची अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. माझी जीभ वळवळली. मी छताकडे पाहिलं.

“गिरणी-बिरणी काही नाही,” मी म्हणालो. “आमच्या कॉलेजात पूर्ण प्रत आहे. थोरला दोर सोडायला वाकतो आणि सोडत नाही. जमीन एकट्याला मिळावी म्हणून. काठावर उभा राहून बघत बसतो. बाभूळ जाते. म्हणून तर पुढं तो कुणाशी बोलत नाही. सगळी कादंबरी त्या न सोडलेल्या दोरावर उभी आहे.”

हे मी बोलता बोलता रचलं. मला ते इतकं आवडलं की शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं. यजमान खाली बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, “बरोबर, आता आठवलं.” किमान वाचनाचा नियम त्या दिवशी मांडलाच गेला नाही, कुणाची छाती झाली नाही. शिवणकामवाल्या बाईंनी पिशवीतून मापं लिहायची वही काढली आणि मी सांगितलेलं सगळं बारीक अक्षरात उतरवून घेतलं. “आभारी आहे, सर,” म्हणाल्या, आणि बस पकडायला गेल्या. मी घरी येताना ऑटोत एकटाच हसत होतो.

पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. यजमान म्हणाले, मुळात झेपलं नाही. मी म्हणालो, साहजिक आहे.

मग एका सकाळी त्या बाईंचाच फोन आला.

“सर, एक काम होतं. तुमच्या कॉलेजातलं ते पुस्तक मले मिळन का? त्या सोळा पानाईपुरतं?”

“मी सांगितलं ना तुम्हाला त्यात काय आहे ते,” मी म्हणालो.

“हो, सांगितलं. पन बाबा ऐकून नाई राह्यले.”

मग ते सगळं बाहेर आलं. त्यांचे वडील काचबिंदूनं पूर्ण आंधळे झाले होते. आई आधीच गेलेली. दुपारी जेवण झालं की मशीन बंद करून त्या तासभर वडिलांना वाचून दाखवायच्या. म्हाताऱ्याला एखादं वाक्य आवडलं की तो म्हणायचा, परत वाच. कधी एका पानावर चार-चार दुपारी जायच्या. सात महिन्यांत एकशे अठ्ठावीस पानं झाली होती ती अशी. आणि बैठकीत उभं राहून ‘भाकर नाई खाल्ली ते आवडलं नाई’ वगैरे जे त्या बोलायच्या, ते त्यांचं नव्हतं. घरून म्हातारा सांगून पाठवायचा की माझं एवढं बोल तिथं.

“तुम्ही सांगितलं तसं मी त्याईले सांगितलं,” त्या म्हणाल्या. “थोरल्यानं दोर सोडलाच नाई म्हनून. त्याईले तो थोरला लय आवडे. ते एकदम गप झाले. म्हनले, असा मानूस असन तं मले पुढचं ऐकायचं नाई, ठेवून दे. दुसरं पुस्तक काढलं तं तेही नाई म्हनते. आता दुपारी भिताडाकडे तोंड करून पडून राह्यते. मी म्हनलं, सरानं तं थोडक्यात सांगितलं. लेखकानं जरा समजावून लिहिलं असन. ते वाचून दाखवलं तं कदाचित ऐकतील.”

मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. प्रत बाद झाली, वाळवी लागली, रद्दीत गेली असं सांगता आलं असतं. ग्रंथपालाला अशी वाक्यं तोंडपाठ असतात. तिसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. माझ्या जागी आलेला ग्रंथपाल मोबाईलमध्ये होता. त्यानं मान वर न करता आत जा म्हणून हात केला. पुस्तक जागेवरच होतं. मी सवयीनं ते आडवं धरून कड पाहिली. पहिली चाळीसेक पानं मळकट, पुढं सगळं पांढरं. त्या मळकट पट्ट्यात माझीही बोटं होती. दुसऱ्या कुणाची असती तर मी चार दिवस हसलो असतो.

कपाटांच्या मधल्या बोळात उभ्यानंच मी ती सोळा पानं वाचली. थोरला दोर सोडतो. पाच ओळींतच सोडतो. नाव पलीकडे नेतो, बाभळीपर्यंत पोचतो. धाकट्यासोबत बाभळीवर एक बाई असते, तिच्या काखेत दोन लेकरं. नावेत तेवढीच जागा. धाकटा म्हणतो, यांना सोडून ये, मी आहे इथंच. थोरला त्यांना काठावर उतरवतो, परत फिरतो. बाभळीच्या जागी पाणी असतं. तो त्या जागेभोवती नाव फिरवत राहतो, अंधार पडेपर्यंत. एवढंच. पुढं जो माणूस कुणाशी बोलत नाही त्याच्या न बोलण्याचं कारण हे होतं. आणि मी त्याला खुनी करून ठेवलं होतं. लेखकाला जे सुचलं ते मला सुचलं नाही, कारण माणूस गप्प बसला म्हणजे त्यानं काही तरी पाप केलंय, असंच माझ्या डोक्यात येतं. वर्षानुवर्षं लोकांच्या पुस्तकांच्या कडा तपासून माझी ही अक्कल तयार झालेली आहे. मला स्वतःची शिसारी आली. हे मी नंतर शोभेसाठी लिहीत नाही, तिथंच आली, आणि ती आली याचाही राग आला.

झेरॉक्स काढून पाठवली असती तर सेलूला जायची गरज नव्हती. पण झेरॉक्स वाचल्यावर त्या बाईंना कळणारच होतं की मी थापा मारल्या. मग त्या बैठकीत येणार, दाराजवळच्या खुर्चीतून उभ्या राहणार आणि सगळ्यांसमोर साधेपणानं मला विचारणार. यजमानांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. म्हणजे खरं सांगायचं तर मी सेलूला गेलो तो आधी त्या चेहऱ्याला घाबरून. म्हाताऱ्याचा विचार बसमध्ये बसल्यावर सुरू झाला.

घर विहारामागच्या गल्लीत होतं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, खुंट्यांवर अर्धवट शिवलेले ब्लाउज. आत खाटेवर म्हातारा बसला होता, उंच, हाडकुळा, दाढी स्वच्छ केलेली. बाई म्हणाल्या, “बाबा, ते सर आले. पुस्तक घेऊन आले.” त्यानं माझ्या दिशेनं हात जोडले, पण किंचित बाजूला, जिथं मी नव्हतो तिथं.

चहा झाला. मी घसा साफ केला. “मी तुमच्या मुलीला सांगितलं ते चुकीचं होतं,” मी म्हणालो. “जुनी गोष्ट, विसरलो होतो.”

“विसरले होते,” म्हातारा म्हणाला, “का वाचलंच नव्हतं?”

बाई खाली बघायला लागल्या. मला वाटलं, या आंधळ्या माणसाला माझा चेहरा दिसत नाही हे किती बरं आहे. पण त्यानं काही सोपं झालं नाही.

“वाचलं नव्हतं,” मी म्हणालो.

“मंग सांगितलं काऊन?”

मोठेपणासाठी, असं म्हणता आलं असतं. मी पुस्तक उघडलं. “आता वाचून दाखवतो,” म्हणालो, “ऐका.”

मी चांगलं वाचतो. आवाज आहे, उच्चार स्वच्छ आहेत, कुठं थांबायचं ते कळतं. एरवी कुणाचं मोठ्यानं वाचणं ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो, पण स्वतःचं वाचणं मला आवडतं. एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस मी एका दमात वाचली. दोर सुटला, नाव गेली, बाई आणि लेकरं उतरली, नाव परत फिरली. बाहेरच्या खोलीत एक गिऱ्हाईक माप द्यायला आलं, त्याला बाईंनी हातानंच थांबवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हातारा मात्र ताठ बसून होता. मी वाचन संपवलं आणि थांबलो. खरं सांगायचं तर शाबासकीसाठी थांबलो. अजूनही.

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्यानं पानांवरून बोटं फिरवली, कड चाचपली, आणि ते मुलीच्या दिशेनं धरलं.

“आता तू वाच.”

“बाबा, सरानं आत्ताच तं वाचलं. सगळं चांगलंच आहे त्यात. तुम्ही ऐकलं नं, त्यानं दोर सोडला.”

“ऐकलं,” तो म्हणाला. “मांगं नाई सोडला तेही यायनंच सांगितलं होतं.”

बाईंनी घाईघाईनं माझ्याकडे पाहिलं. “बाबा, असं काऊन बोलता?”

“मी तेहतीस वर्षं पोस्टमन होतो, साहेब,” म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, या वेळी बरोबर माझ्याकडे. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला पळवाटही नव्हती. “लोकाईची पत्रं वाचून देली. कोनाचा पोरगा गेला, कोनाले नवऱ्यानं टाकलं. समोरची बाई रडन म्हनून कधी एक अक्षर इकडचं तिकडं नाई केलं. ज्याले वाचता येत नाई त्याच्याजवळ दुसरं काय असते? वाचनाऱ्याची जबानच असते. तुमचं वाचनं चांगलं आहे. पन ते पुस्तकात आहे का तुमच्या मनातलं आहे, हे मले आता समजत नाई. हिचं समजते. तू वाच, बाई. तू जे आहे तेच वाचतं.”

बाई माझ्याशेजारी खाली सतरंजीवर बसल्या. एकशे एकोणतीसवं पान काढलं, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. हळू वाचत होत्या, जोडाक्षर आलं की थांबत होत्या. म्हाताऱ्यानं मान एका बाजूला कलती केली होती. मी नुकताच वाचलेला शब्द न् शब्द तो पुन्हा ऐकत होता, आणि थोरल्यानं दोर सोडल्याचं वाक्य आलं तेव्हा म्हणाला, “परत वाच.”